हाक आणि ओ : आपत्कालीन प्रतिसादाच्या अभ्यासाची प्रस्तावना

"गडावर माणूस पडलंय, लवकर गाडी पाठवा."

बीड जिल्ह्यातून असा फोन आला, तर घेणाऱ्याने आधी काय विचारायचं? बीडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. तो विचारेल, कुठल्या गडावर? या भागात गड म्हटल्यावर एकच जागा डोळ्यांपुढे येत नाही. नगद नारायण महाराजांचा नारायणगड आहे, ज्याला लोक धाकटी पंढरी म्हणतात. पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड आहे, परळीजवळ पांगरीला गोपीनाथगड आहे, सावरगाव घाटला भगवान भक्तिगड आहे. भगवानगड तर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, पाथर्डी तालुक्यात. तरी बीडकरांच्या बोलण्यात तो घरचाच. ज्याच्या घराण्यात जो गड मानतात, त्याच्या लेखी 'गड' म्हणजे तोच. पुढे नाव जोडायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते, आणि माणूस डोळ्यांदेखत कोसळलेला असताना ते सुचतही नाही.

१२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता. त्या दिवशी नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा होता आणि सावरगाव घाटच्या भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडे यांचा. एकच जिल्हा, एकच दिवस, दोन गड, आणि दोन्हीकडे लांबलांबून आलेली माणसं. त्यांतल्या कितीतरी जणांना आपण कोणत्या तालुक्यात उभे आहोत हे सांगता आलं नसतं. अशा दिवशी 'गडावर' या एका शब्दाचा अर्थ लावणं हे रुग्णवाहिकेच्या इंजिनाइतकंच महत्त्वाचं काम असतं. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचं स्वागत मला याच शब्दापाशी करावंसं वाटतं.

क्षेत्र कोणतं, तर मदतीची हाक ऐकायची, ती समजून घ्यायची, योग्य माणूस आणि योग्य वाहन त्या जागी धाडायचं, आणि ते पोहोचेपर्यंत हाक मारणाऱ्याचा हात सोडायचा नाही. मराठीत याला अजून सुटसुटीत नाव नाही. सरकारी कागदांत 'आपत्कालीन प्रतिसाद प्रणाली' असं लिहितात. पण मुळातली कल्पना आपल्या भाषेत फार जुनी आहे. एखादं ठिकाण 'हाकेच्या अंतरावर' आहे असं आपण म्हणतो तेव्हा अंतर फुटांत किंवा कोसांत मोजत नाही. अडचणीत ओरडलो तर कुणाला ऐकू जाईल का, यावर मोजतो. हाकेला 'ओ' देणारा माणूस असणं हीच गावाची व्याख्या होती. रात्री गस्त घालणारा जागल्या, वेशीवरचा वेसकर, दवंडी देणारा कोतवाल ही सगळी हाक आणि ओ यांच्या मधली माणसं. टेलिफोनने हाकेचं अंतर शेकडो किलोमीटरांवर नेलं. ओ देणारा आता गावाबाहेरचा, बहुधा जिल्ह्याबाहेरचा असतो. त्याला आवाज ऐकू येतो, पण गाव दिसत नाही. हे क्षेत्र सगळं त्या न दिसण्याभोवती उभं आहे.

नारायणगडावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाका कुठे जातात ते पाहा. त्याने १०८ फिरवला तर फोन पुण्यात, औंधच्या केंद्रात वाजतो. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली, ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा हा तिचा आग्रह पहिल्यापासूनचा. त्याने ११२ फिरवला तर फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. देशभर एकच क्रमांक असावा ही योजना दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर निर्भया निधीतून उभी राहिली. २८ नोव्हेंबर २०१८ ला हिमाचल प्रदेशात ती पहिल्यांदा सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०२१ मध्ये आली. आणि १०७७ फिरवला तर घंटी बीडमध्येच, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती नियंत्रण कक्षात वाजते. एकाच माणसाच्या एकाच हाकेचे तीन रस्ते, तीन शहरांत जाणारे. अमेरिकेत अनेक ठिकाणी हे काम एकेका काउंटीच्या केंद्रात, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकात, एका छताखाली चालतं. आपण ११२ साठी उत्तर देणं राज्याकडे ठेवलं आणि धाडणं जिल्ह्याकडे. या मांडणीचे फायदे आहेत, तिची किंमतही आहे, आणि ती किंमत नेमकी 'कुठल्या गडावर?' या प्रश्नात मोजावी लागते.

११२ चा प्रवास जवळून पाहू. केंद्रात फोन घेणारी व्यक्ती कॉल टेकर. तिच्यासमोरच्या पडद्यावर फोनचा क्रमांक येतो आणि मोबाइल कंपनीकडून जागेचा अंदाज येतो. ती प्रश्न विचारत विचारत घटनेची नोंद उघडते आणि ती नोंद त्या जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात जाते. तिथे डिस्पॅचर बसलेला असतो. कोणती गाडी कुठे आहे ते त्याला नकाशावर दिसतं. तो गाडी ठरवतो, गाडीतल्या छोट्या संगणकावर, म्हणजे एमडीटीवर, घटना उमटते, गाडीतला अंमलदार ती स्वीकारतो आणि निघतो. काम झाल्यावर काय केलं याचा अहवाल त्याच यंत्रावरून परत येतो. कागदावर ही साखळी सरळ दिसते. प्रत्यक्षात कॉल टेकरने 'नारायणगड, पायथा' एवढंच लिहून पाठवलेलं असतं आणि डिस्पॅचरच्या डोक्यात त्याचे चार अर्थ असतात. मग तो एका हाताने फोन उचलून ठाण्याला विचारतो, ठाणे अंमलदार बीट अंमलदाराला विचारतो, बीट अंमलदार पोलीस पाटलाला फोन लावतो. पडद्यावरच्या नकाशामागे माणसांचा हा दुसरा नकाशा सतत चालू असतो. ज्या जिल्ह्यात तो चांगला, त्या जिल्ह्यातली यंत्रणा चांगली, असं माझं ठाम मत आहे.

मोबाइलला जागा कळतेच की, असं कुणी म्हणेल. कळते, पण कशी ते समजून घ्यायला हवं. फोन ज्या टॉवरला जोडलेला आहे त्यावरून काढलेली जागा शहरात काहीशे मीटरांत येते, कारण तिथे टॉवर दाट असतात. बालाघाटाच्या डोंगररांगांत टॉवर विरळ. तिथे तेच वर्तुळ काही किलोमीटरांचं होतं आणि त्यात दोन-तीन गावं, पाचसहा वस्त्या आणि एखादा घाट सहज बसतो. जिल्ह्याच्या कडेला तर फोन पलीकडच्या जिल्ह्याचा टॉवर पकडतो आणि नोंद भलत्याच नियंत्रण कक्षात जाऊन पडते. पोलिसांच्या भाषेत 'हद्द' हा फार वजनदार शब्द आहे. या क्षेत्राचा पहिला नियम असा की हद्दीचा विचार गाडी निघाल्यानंतर करायचा.

हद्दीचा सगळ्यांत कठीण पेच बीडच्याच माणसांच्या वाट्याला येतो. दसरा झाला की इथल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. कोपी, म्हणजे राहायची झोपडी, कुठल्या शिवारात घातली आहे ते मुकादमाला माहीत असतं, कारखान्याच्या शेतकी खात्याला माहीत असतं. कोपीत राहणाऱ्या बाईला मात्र फाट्याचं नावही माहीत नसतं. रात्री दोनला पोराला ताप चढून झटके आले तर ती फोनवर कुठला पत्ता सांगणार? आणि बेळगाव जिल्ह्यातून लावलेला ११२ कर्नाटकच्या केंद्रात जातो, जिथे समोरून कन्नडमध्ये प्रश्न येतो. पत्ता नसलेल्या माणसाला शोधायचं कसं, हा जगभरच्या या अभ्यासाचा प्रश्न आहे. त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या ऊसतोड्यांच्या फडात आहे आणि त्यावर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवं.

जागेनंतर येते भाषा, आणि मला या क्षेत्राचं सर्वांत मोठं आकर्षण इथे वाटतं. रात्री फोन येतो, "आमच्या म्हाताऱ्याला पान लागलंय." शहरात वाढलेल्या कॉल टेकरला वाटेल, तंबाखूचं पान लागलं, चक्कर आली असेल. गावाकडे रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. पान लागलं म्हणजे साप चावला. जनावर चावलं, लांबडं डसलं, हेही तेच. दुसरा फोन: "पोरीनं औषध घेतलंय." शहरात औषध घेतलं म्हणजे बरं वाटण्याची सोय झाली. खेड्यात या वाक्याने काळजाचा ठोका चुकतो, कारण औषध म्हणजे फवारणीचं औषध, कीटकनाशक. तिसरा: "बाई अडलीय." अडली म्हणजे रस्त्यात अडकली नव्हे, बाळंतीण अडली आहे, मूल पुढे सरकत नाही. ही वाक्यं सांगणाऱ्याच्या दृष्टीने पूर्ण आहेत. त्याने सगळं सांगितलं आहे. ऐकणाऱ्याला ते कळलं नाही तर तो पुन्हा पुन्हा विचारतो, सांगणारा चिडतो, आणि मिनिटं जातात.

यातला एक शब्द मी नव्या वाचकाला आवर्जून शिकवीन: घरघर. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला काही वेळ थांबून थांबून, घोरल्यासारखे आचके येतात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. फोनवर विचारलं की "श्वास आहे का?" तर तो प्रामाणिकपणे "हो" म्हणतो, आणि त्या एका 'हो'ने माणूस जातो. म्हणून जगभर आता दोनच प्रश्न विचारतात: माणूस शुद्धीवर आहे का, आणि श्वास नेहमीसारखा आहे का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं की छाती दाबायला सांगायचं. अमेरिकेतल्या किंग काउंटीत १९८० च्या दशकापासून फोनवरून हे शिकवण्याचं काम पद्धतशीर चाललं आहे. त्याच्या थोडं आधी सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन या डॉक्टरने प्रश्नांची ठरीव पत्रिका बनवली होती, म्हणजे फोन घेणाऱ्याच्या अनुभवावर किंवा मनःस्थितीवर काही अवलंबून राहू नये. आता मराठीचं भाग्य बघा. इंग्रजीत हे आचके बहुधा समजावून सांगावे लागतात. आपल्या आजीला तो शब्द माहीत आहे. "घरघर लागलीय" असं कोसळलेल्या माणसाबद्दल फोनवर कुणी म्हणालं, तर श्वास नेहमीसारखा नाही हे धरूनच चालायचं.

समजा, आषाढी एकादशी आहे, नारायणगडावर दर्शनाची रांग आहे आणि रांगेतले एक काका खाली बसले ते आडवेच झाले. पुतण्याने १०८ लावला. संभाषण असं व्हायला हवं:

"दादा, कुठून बोलताय?"

"नारायणगडावरून. काका पडलेत, घरघर लागलीय."

"बीड जिल्ह्यातला नारायणगड ना? फोन ठेवू नका दादा, गाडी निघतेय. काकांना पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा हात. जोरात दाबा. मी मोजते, माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन..."

मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. "गाडी निघतेय" हे तिने बोलता बोलता सांगितलं, कारण नोंद उघडताक्षणी शेजारच्या टेबलावरून गाडीचं काम सुरू झालेलं असतं. सगळी माहिती हाती येईपर्यंत गाडी थांबवून ठेवणं ही नव्या केंद्राची नेहमीची चूक असते. आणि ती पुतण्याला 'दादा' म्हणते. घाबरलेल्या माणसाला आज्ञा पाळायला लावायची तर आधी नात्यात घ्यावं लागतं. 'सर' म्हटल्याने ते साधत नाही.

या क्षेत्राला गणिताचीही बाजू आहे आणि ती कोरडी अजिबात नाही. १० नोव्हेंबर १९३५ ला लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर घराला आग लागली. शेजाऱ्याने फोन केला, पण एक्स्चेंजमध्ये तो इतरांच्या रांगेतच अडकून राहिला. पाच बायका गेल्या. त्यातून ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला, जगातला अशा प्रकारचा पहिला क्रमांक. म्हणजे या सेवेचा जन्मच रांगेच्या प्रश्नातून झाला. रांगेचं गणित त्याआधी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीशी संबंधित आग्नर क्रारुप एर्लांग याने मांडायला सुरुवात केली होती. त्या गणिताचं एक उदाहरण देतो. तासाला ६० फोन येतात आणि प्रत्येकाला सरासरी तीन मिनिटं लागतात. हिशेबाने तीन माणसं पुरायला हवीत. पण फोन रांगेत उभे राहून एकामागून एक येत नाहीत. कधी पाच मिनिटं शांतता, कधी एका मिनिटात चार. तीन माणसं ठेवली तर रांग वाढतच जाते. चार ठेवली तरी निम्म्या लोकांना थांबावं लागतं. पाच ठेवली तर साधारण चारातल्या एकाला, आणि सहा ठेवली तेव्हा कुठे दहांतल्या एकाला. कामाच्या दुप्पट माणसं बसवली तर लेखापरीक्षकाला ती रिकामी बसलेली दिसतात. ती रिकामी बसलेली नसतात. त्यांचं मोकळं असणं हीच सेवा आहे, आणि हे मंत्रालयातल्या फायलीपर्यंत नेणं आपल्या क्षेत्राचं काम आहे.

गाड्यांचं गणितही असंच फसवं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अभ्यास करताना कोलेसार आणि ब्लम यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की गाडीला कापावं लागणारं सरासरी अंतर, मोकळ्या गाड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. सोप्या भाषेत, अंतर निम्मं करायचं तर गाड्या चौपट लागतात. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर आणि तालुके अकरा. शिवाय नकाशावर जवळ दिसणारी गाडी डोंगरापलीकडे असते. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट चढून यायचं म्हटलं की सरळ रेषेतले दहा किलोमीटर कशाचे कशात जातात. त्यात, जवळची गाडी पाठवली की तिच्या मागे भोक पडतं. पुढचा फोन त्याच भोकातून आला तर? चांगला डिस्पॅचर एक गाडी धाडतानाच दुसरी गाडी फाट्यावर आणून उभी करतो. हे बुद्धिबळ आहे, फक्त समोरचा खेळाडू कधी चाल करील ते कळत नाही.

जिल्ह्याचा स्वतःचा कक्ष हा या कहाणीचा मराठवाड्यातला अध्याय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभे करायला घेतले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केलं. पण बीड शहराने आपत्ती किल्लारीच्याही आधी पाहिली होती. जुलै १९८९ मध्ये एरवी पाणी शोधावं लागतं अशी बिंदुसरा नदी एका रात्रीत शहरात शिरली. दुष्काळी जिल्ह्याला पूर येत नाही असं मानणाऱ्यांनी ती रात्र विसरू नये. अशा दिवशी फोनमागे एक गाडी हा हिशेब मोडतो. शंभर फोन येतात, सगळे एकाच पुलाबद्दल असतात, आणि त्यांतला एखादाच झाडावर अडकलेल्या माणसाचा असतो. तो एक वेगळा काढणं हे कौशल्य आहे, ते शिकवता येतं, आणि पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून ते पूर्णपणे करता येत नाही, कारण कोणता पूल, कोणता ओढा, कुठून उतार, हे बीडमध्ये बसलेल्यालाच दिसतं.

मेळाव्याची आणि एकादशीची गर्दी ही आधीपासून तारीख माहीत असलेली आपत्ती असते. म्हणून तिचा अभ्यास सर्वांत सोपा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. गर्दीत मोबाइल आधी बंद पडतो. आवाज जात नाही, पण लघुसंदेश कधी कधी जातो. तेव्हा बिनतारी संच कामाला येतो. रुग्णवाहिका गर्दीत आणता येत नाही, म्हणून माणूस गाडीपर्यंत न्यायचा रस्ता आधी ठरवावा लागतो आणि तो दिवसभर मोकळा राखावा लागतो. खांबांवर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवले, तर 'गडावर' म्हणणारा माणूस 'चौदा नंबरच्या खांबापाशी' म्हणायला लागतो. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश. मला या क्षेत्रात याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक साधन माहीत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या अभ्यासकाने पहिल्या दिवशीच समजून घ्यावी. फोन घेणाऱ्याला शेवट कळत नाही. "मी मोजते" म्हणणाऱ्या त्या ताईने काकांच्या छातीवरचे दाब मोजले, गाडी पोहोचली, फोन कट झाला, आणि लगेच दुसरा लागला. काका वाचले की नाही हे तिला बहुधा कधीच समजत नाही. हे ओझं घेऊन माणसं वर्षानुवर्षं खुर्चीत बसतात. त्यांच्या मनाचा अभ्यास, त्यांच्या पाळ्यांचा अभ्यास, रात्री तीनच्या सुमाराला त्यांचं लक्ष कसं टिकतं याचा अभ्यास, हे सगळं आपल्याकडे जवळपास कोरं आहे. पोकळ फोन, पोरांनी खेळता खेळता लावलेले फोन, आणि काहीच न बोलणारा पण मागे भांडण ऐकू येणारा फोन, यांत फरक करायला शिकलेला कान घडायला वेळ लागतो. तो कान टिकवायचा कसा, हेही या क्षेत्रातच येतं.

इथे येणारा वाचक गणिताचा असो, भाषेचा असो, परिचारिका असो, पोलीस असो किंवा गावचा शिक्षक असो, प्रत्येकाला करायला काम आहे. पहिला पाठ म्हणून मी एकच सुचवतो. आपल्या गावाच्या शिवारातल्या सगळ्या नावांची यादी करा: वस्त्या, तांडे, फाटे, ओढे, पार, मळे. सरकारी नावं नकोत, लोक हाक मारताना वापरतात ती. जी दोन ठिकाणांना लागू पडतात त्यांच्याखाली रेघ ओढा. मग ती यादी पोलीस पाटलांना, आशाताईंना आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला नेऊन द्या. जवळपास राहत असाल तर नारायणगडापासूनच सुरुवात करा, आणि 'पायथा' म्हणजे नेमकी कोणती बाजू, हे आधी गडावर रोज दूध घालायला जाणाऱ्याला विचारा.